जपानमध्ये भाड्याचं घर घेताना: आपल्या लोकांना नेहमी पडणारे प्रश्न

नोकरीनिमित्त टोकियोत येणारी आपली मंडळी सगळ्यात जास्त हैराण होतात ती घरापायी. व्हिसा कंपनी बघते, तिकीट कंपनी काढते, पण घराची वेळ आली की समोर एजंट, जाडजूड जपानी कागदांचा गठ्ठा आणि "आजच सांगा, दुसरी पार्टी तयार आहे" हे टेन्शन. म्हणून नेहमी येणारे प्रश्न उत्तरांसकट एका जागी लिहून ठेवतेय. माझं मुख्य सांगणं एकच आहे आणि ते खाली परत परत येईल, सही करायच्या आधी विचारा आणि मिळालेलं उत्तर कागदावर घ्या. भाडेकरूच्या बाजूने इथे कायदा बऱ्यापैकी भक्कम आहे, फक्त आपल्याला तो माहीत नसतो आणि माहीत असला तरी बोलायचा संकोच वाटतो.

भारतात बसूनच घर बुक करता येतं का?

नेहमीचं, म्हणजे दोन वर्षांच्या करारावरचं घर भारतातून घेणं जवळपास अशक्यच समजा. अर्जावर जपानचा फोन नंबर लागतो, रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) लागतं, भाडं कापायला इथलं बँक खातं लागतं, आणि ते कार्डच मुळात नरिता किंवा हानेदा विमानतळावर उतरल्यावर हातात पडतं. त्यामुळे पहिला महिनाभर कंपनीचं गेस्ट हाऊस, नाहीतर मंथली मॅन्शन म्हणजे सामानासकट महिन्याच्या बोलीवर मिळणारा फ्लॅट, एकटे असाल तर शेअर हाऊस, आणि तिथे राहून शांतपणे शोधायचं. महाग पडतं मान्य आहे, पण फोटो बघून घेतलेलं घर नंतर आवडलं नाही तर त्यातून बाहेर पडायला जास्त खर्च येतो.

एचआरला एक गोष्ट मात्र आधीच विचारून ठेवा, कंपनी स्वतःच्या नावावर घर घेऊन देते का. याला होजिन केइयाकु म्हणतात आणि तसं असेल तर गॅरंटर वगैरे बरीच कटकट वाचते. पण नोकरी बदलली की घरही सोडावं लागू शकतं, हे धरूनच हो म्हणा.

अजून एक, जानेवारी ते मार्च इथे घरांचा सीझन असतो कारण शाळा, कॉलेज, नोकऱ्या सगळं एप्रिलमध्ये सुरू होतं. तेव्हा चांगलं घर दुपारी बघितलं तर संध्याकाळपर्यंत जातं आणि भाव कमी करा म्हणायची सोयच नसते. मे ते ऑगस्टमध्ये जरा निवांत असतं, तेव्हा रेइकिन (मालकाला एकदाच द्यायचे, परत न मिळणारे पैसे) कमी करा किंवा एक महिना भाडं माफ करा असं विचारून बघायला हरकत नाही.

सुरुवातीला एकदम किती पैसे भरावे लागतात?

हा आकडा ऐकून सगळ्यांचेच डोळे फिरतात, म्हणून नीट मांडून सांगते. धरा भाडं महिना १ लाख येन आहे. शिकिकिन, म्हणजे आपलं डिपॉझिट, साधारण एक महिना, १ लाख. रेइकिन, हे घरमालकाला द्यायचे पैसे, शून्य ते दोन महिने, आपण एक धरू, अजून १ लाख. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, १ लाख, आणि महिन्याच्या मध्येच शिफ्ट झालात तर त्या उरलेल्या दिवसांचं वेगळं. एजंटचं कमिशन जास्तीत जास्त एक महिना अधिक कन्झम्प्शन टॅक्स, म्हणजे १ लाख १० हजार. गॅरंटी कंपनीची फी अर्धा ते एक महिना. आगीचा विमा दोन वर्षांचा १५-२० हजार, कुलूप बदलायचे १५-२५ हजार. बेरीज केली तर पाच लाखांच्या आसपास जाते, म्हणजे भाड्याच्या साधारण पाचपट, आणि त्यात फ्रीज, वॉशिंग मशीन, पडदे काहीच आलेलं नाही.

आता कमी कुठे होतं ते बघा. कमिशनचा नियम असा आहे की एजंटने मालक आणि भाडेकरू दोघांकडून मिळून एक महिन्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि राहत्या घरासाठी एकाकडून मुळात अर्धाच महिना, पूर्ण घ्यायचा असेल तर आधी संमती घ्यावी लागते. म्हणून अर्ध्या महिन्याचं कमिशन घेणारे एजंटही असतात, शोधले तर सापडतात. एस्टिमेटमध्ये कधीकधी किडे मारायची फवारणी, २४ तास सपोर्ट, फायर एक्स्टिंग्विशर अशा ओळी घुसडलेल्या असतात, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा की हे कम्पल्सरी आहे का ऑप्शनल. ऑप्शनल असेल तर काढून टाका म्हणा, गुपचूप काढतात.

रेइकिन परत मिळतं का?

नाही. घर सोडताना एक येनही परत येत नाही, म्हणून दोन घरांची तुलना करताना नुसतं भाडं बघू नका, रेइकिन दोन वर्षांवर वाटून भाड्यात मिळवा, मग खरा आकडा कळतो. आणि "शून्य डिपॉझिट, शून्य रेइकिन" अशी जाहिरात असेल तर करारात शेवटी सफाईचे पैसे किती आणि वर्षाच्या आत सोडलं तर दंड किती, हे दोन कलमं आधी वाचा, बऱ्याचदा तिकडून वसूल केलेलं असतं.

माझा इथे कोणी जपानी ओळखीचा नाही, गॅरंटर कुठून आणू?

पूर्वी जपानी माणूसच गॅरंटर लागायचा आणि तो प्रश्न खरंच अवघड होता, कारण तुमचं भाडं थकलं तर सगळा बोजा त्याच्यावर, मग ऑफिसमधल्या साहेबाला तरी कुठल्या तोंडाने विचारणार. आता बहुतेक ठिकाणी होशो-गाइशा म्हणजे गॅरंटी कंपनी असते, तिला फी दिली की काम होतं, आणि पुढे दरवर्षी साधारण १० हजार येन रिन्युअल. एक नीट समजून घ्या, तुमचं भाडं थकलं तर ती कंपनी मालकाला देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते, हा तुमचा विमा नाही.

ती कंपनी तुमचा पगार, व्हिसाची मुदत, नोकरी सगळं तपासते, याला शिन्सा म्हणतात, आणि कधीकधी तुम्हाला थेट फोन करते. तो फोन जपानीत असतो आणि बरेच जण तिथेच अडकतात. एजंटला आधीच सांगून ठेवा की इंग्लिशमध्ये बोलणारी गॅरंटी कंपनी बघा, अशा आहेत. शिवाय इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून जपानमधला एक माणूस लागतो, त्याच्यावर पैशाची जबाबदारी नसते, त्यामुळे टीममधला सहकारी किंवा जुना मराठी मित्र चालून जातो. तुम्ही इथे स्थिरावलात की नव्याने येणाऱ्यांसाठी तुम्हीही तुमचं नाव असं द्या, फार मोठा आधार होतो.

एखाद्या व्यक्तीलाच गॅरंटर केलं असेल तर १ एप्रिल २०२० पासूनच्या करारात त्याची जबाबदारी जास्तीत जास्त किती येनपर्यंत हे लिहावंच लागतं, नाहीतर ती गॅरंटी कायद्याने चालत नाही. मित्राला सही करायला सांगण्याआधी तो आकडा त्याला दाखवा.

"फॉरेनर नको" म्हणाले. हे कायदेशीर आहे का? आणि आता काय करायचं?

हे घडतं, आणि मनाला लागतं, कितीही समजूतदार माणूस असला तरी लागतं. एजंट काउंटरवर बसून तुमच्यासमोरच मालकाला फोन लावतो, "इंडोजिन" म्हणजे भारतीय हा शब्द ऐकू येतो, मग तो दोनदा मान डोलावतो आणि फोन ठेवून सॉरी म्हणतो. २०१७ मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांचा एक सर्व्हे जाहीर केला होता, त्यात त्याआधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांनी सांगितलं की परदेशी म्हणून नकार मिळाला, आणि ४१.२ टक्के लोकांना जपानी गॅरंटर नाही म्हणून नकार मिळाला होता. म्हणजे हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत झालेलं नाही आणि तुमचं काही चुकलेलं पण नाही.

कायद्याचं बोलायचं तर असा नकार देणाऱ्याला थेट शिक्षा करणारा वेगळा कायदा इथे नाही, पण कोर्टात जाता येतं. क्योटोच्या जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये एका कोरियन बाईला नागरिकत्वावरून घर नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन भरपाई द्यायला लावली होती. पण घर हवं असताना कोण कोर्टात जाणार. प्रॅक्टिकल रस्ता असा की एजंटला पहिल्याच भेटीत सांगायचं, "मालकाला आधी फोन करून परदेशी चालतो का विचारा, मग मला ती घरं दाखवा." वेळ वाचतो आणि मनस्तापही वाचतो. मालकांना बहुतेक वेळा भीती असते ती भाषेची, कचऱ्याची आणि न सांगता देश सोडून जाण्याची. एजंटशी थोडं जरी जपानी बोललात, कंपनीचं लेटर आणि पगाराचे कागद नीट फाइलमध्ये घेऊन गेलात, तर नाही म्हणणारा मालकही कधीकधी भेटायला तयार होतो. आणि नाहीच झालं तर पुढचा प्रश्न वाचा.

ते यूआर यूआर म्हणतात ते काय असतं?

यूआर ही सरकारी संस्था आहे, तिच्याकडे देशभर सोसायट्या आहेत ज्यांना इथे दांची म्हणतात, आणि माझ्या मते कुटुंब घेऊन येणाऱ्या आपल्या माणसाने आधी इथेच बघावं. रेइकिन नाही, एजंटचं कमिशन नाही, गॅरंटर नाही, दोन वर्षांनी रिन्युअल फी नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि त्या महिन्याच्या उरलेल्या दिवसांचं भाडं भरायचं. तुमच्याकडे योग्य रेसिडेन्स स्टेटस असेल तर परदेशी म्हणून नकाराचा प्रश्न येत नाही, जो आधी अर्ज करेल त्याला घर.

अट पगाराची आहे. कुटुंबासाठी भाडं ८२,५०० येनच्या खाली असेल तर महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या चौपट हवं, ८२,५०० ते २ लाखांच्या मधलं भाडं असेल तर ३ लाख ३० हजार येन पुरे, त्याच्या वर ४ लाख. एकट्या माणसासाठी ६२,५०० ते २ लाख भाड्याला अडीच लाख उत्पन्न चालतं. पगार बसत नसेल पण भाड्याच्या शंभरपट बचत असेल तरी चालतं, किंवा वर्षाचं वगैरे भाडं एकरकमी आगाऊ भरायचीही सोय आहे.

तोटेही ऐका. बऱ्याच इमारती जुन्या आहेत, काही ठिकाणी पाच मजल्यांना लिफ्टच नाही, एसी आणि दिवे स्वतः लावायचे, आणि चांगल्या जागेचं घर रिकामं झालं की पटकन उचललं जातं, त्यामुळे साइट रोज सकाळ-संध्याकाळ बघावी लागते. लहान मूल असेल तर मात्र दांचीसारखी जागा नाही, मधोमध मोकळं मैदान, झाडं, घसरगुंडी, आणि आजूबाजूला बोलणारं कोणीतरी.

सगळे निशी-कासाईलाच का राहतात? मीही तिथेच घ्यावं का?

२००० सालच्या आसपास वायटूकेच्या (२००० साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखा बिघडू नयेत म्हणून करायच्या) कामासाठी भारतातून बरेच आयटीवाले टोकियोत आले, बँका आणि फायनान्स कंपन्या ओतेमाची-निहोम्बाशीकडे, तिथे निशी-कासाईहून मेट्रोच्या तोझाई लाइनने गाडी न बदलता जाता येतं, आणि निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डात यूआरची मोठी वसाहत होती जिथे गॅरंटर लागत नव्हता. तिथून सुरू झालं. आता भारतीय किराणा, रेस्टॉरंट, भारतीय शाळा, सगळं चालत जायच्या अंतरावर. अंबरनाथला जन्मलेले आणि पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, मूळ भारतीय माणूस जपानमध्ये निवडून येण्याची ती पहिलीच वेळ.

नवीन असाल, बायको किंवा नवरा दिवसभर घरी असणार असेल, मूल लहान असेल तर हो, निशी-कासाई, कासाई, फुनाबोरी किंवा कोतो वॉर्डातलं ओजिमा बघा. कढीपत्ता मिळणं आणि पोराला ताप आला तर मराठीत फोन करता येणं याची किंमत पहिल्या वर्षी फार असते. दोघंही नोकरी करत असाल, ऑफिस शिंजुकु-शिबुयाच्या पलीकडे असेल तर उगीच ओढाताण करू नका, सकाळची तोझाई लाइन टोकियोतल्या सगळ्यात खचाखच भरणाऱ्या लाइन्सपैकी आहे. गणपतीला मंडळाच्या कार्यक्रमाला कुठूनही येता येतं.

१के, २डीके, २एलडीके हे कसं वाचायचं?

आकडा म्हणजे खोल्या, के म्हणजे किचन, डीके म्हणजे जेवायला टेबल मावेल एवढं किचन, एलडीके म्हणजे हॉल-किचन एकत्र. म्हणजे २एलडीके आपला साधारण टू बीएचके, पण आपल्याकडच्यापेक्षा लहान निघतो म्हणून चौरस मीटर बघा. खोलीचं माप जो मध्ये लिहितात, एक जो म्हणजे किमान १.६२ चौरस मीटर, तर सहा जो ची खोली दहा चौरस मीटरच्या आसपास. स्टेशनपासून "७ मिनिटं" लिहिलं असेल तर ८० मीटरला एक मिनिट असा हिशोब असतो, त्यात सिग्नल आणि पूल धरत नाहीत, बाबागाडी घेऊन स्वतः चालून बघा. भाड्याशेजारी कांरिही किंवा क्योएकिही लिहिलेलं असतं, तो मेंटेनन्स, दर महिन्याला वेगळा.

भूकंपाचं काय? घर सेफ आहे हे कसं कळणार?

एक तारीख पाठ करा, १ जून १९८१. त्यानंतर बांधकामाची परवानगी मिळालेल्या इमारती नव्या भूकंप नियमांप्रमाणे आहेत. इमारत ८१ किंवा ८२ ला पूर्ण झाली असेल तर परवानगी आधीच्या नियमाने असू शकते, तेव्हा एजंटला परवानगीची तारीख विचारा, आणि जुनी असेल तर मजबुतीकरण झालंय का ते विचारा. लाकडी घर असेल तर २००० सालानंतरचं बघा, तेव्हा लाकडी बांधकामाचे नियम अजून कडक झाले.

पुराचा विचार आपले लोक करतच नाहीत आणि तो करायला हवा. एदोगावा वॉर्डाचा साधारण ७० टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. वॉर्डाने २०१९ मध्ये जो पुराचा नकाशा काढला त्याच्या कव्हरवरच "इथे थांबू नका" या अर्थाचं वाक्य होतं, म्हणजे मोठं वादळ येणार असेल तर वॉर्ड सोडून आधीच बाहेर जा असं स्वतः वॉर्डच सांगतोय. ऑगस्ट २०२० च्या शेवटापासून करारापूर्वी हा नकाशा दाखवून घर कुठे येतं हे सांगणं एजंटला बंधनकारक आहे. घाबरून जाऊ नका, हजारो लोक राहतात, पण तळमजला टाळा आणि ओळखीतलं कोण उंचावर राहतं, कोणाकडे जायचं हे ठरवून ठेवा.

सही करायच्या दिवशी काय होतं?

सही करण्याआधी परवानाधारक माणसाने तुम्हाला घराबद्दलच्या महत्त्वाच्या गोष्टी समजावून सांगणं कायद्याने सक्तीचं आहे, याला जुउयो जिको सेत्सुमेइ म्हणतात, तो आपलं कार्ड दाखवतो आणि कागद वाचत जातो, हल्ली ऑनलाइन पण होतं. तो भराभर वाचत सुटतो आणि आपण मान हलवत बसतो, असं करू नका. कागद दोन दिवस आधी पीडीएफमध्ये मागा, भाषांतर करून वाचा, जपानी येणारा कोणी असेल तर सोबत न्या. मी नव्या लोकांसोबत जाते तेव्हा थेट शेवटच्या पानावरचा तोकुयाकु, म्हणजे विशेष अटींचा भाग आधी उघडते, कारण सफाईचे ठरावीक पैसे, वर्षाच्या आत सोडल्यास एक महिन्याचा दंड, एसी साफ करायचा खर्च, हे सगळं तिथे बारीक अक्षरात असतं.

आणि करार कोणता आहे ते विचारा. साधा करार असेल तर सबळ कारणाशिवाय मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. तेइकि शाक्का म्हणजे ठरावीक मुदतीचा असेल तर मुदत संपली की संपलं, पुढे राहायचं तर मालक तयार हवा आणि नवीन करार हवा. भाडं थोडं कमी दिसतं म्हणून लोक घेतात आणि पोराची शाळा सुरू असताना घर शोधत फिरतात.

कागदपत्रं म्हणाल तर रेसिडेन्स कार्ड, पासपोर्ट, नोकरीचं सर्टिफिकेट, पगाराच्या स्लिपा किंवा गेनसेन (वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा कागद), वॉर्ड ऑफिसचा जुमिनह्यो (पत्त्याचा दाखला). शिक्का बऱ्याच ठिकाणी आता लागत नाही, सही चालते.

किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी काय काय लागतं?

घर अगदी रिकामं मिळतं. छताला एक गोल पांढरं प्लास्टिकचं सॉकेट असतं, त्यात दिवा घुसवून फिरवायचा की अडकतो, इलेक्ट्रिशियन लागत नाही, पण दिवा तुम्ही आणायचा. पहिल्या संध्याकाळी अंधारात बसायचं नसेल तर किल्ली घ्यायच्या आधी एक दिवा आणि पडदे घेऊन ठेवा, पडद्यांची मापं प्रत्येक घराला वेगळी असतात.

वीज आणि पाणी ऑनलाइन सुरू होतं. गॅससाठी मात्र माणूस घरी येतो आणि तुम्ही हजर लागता, मार्च-एप्रिलमध्ये त्याची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून आठवडाभर आधी बुक करा, नाहीतर गरम पाणी नाही. शेगडी घ्यायच्या आधी घराला सिटी गॅस आहे की प्रोपेन ते बघा, दोघांची शेगडी वेगळी असते आणि चुकीची लावणं धोक्याचं आहे. प्रोपेनचं बिलही बहुतेक वेळा जास्त येतं, हे घर बघतानाच विचारायचं. फुलके आचेवर फुगवायची सवय असेल तर आयएच (इंडक्शन) शेगडीचं घर घेताना दोनदा विचार करा.

आणि सामान आत आणायच्या आधी, रिकाम्या घराचे फोटो. प्रत्येक भिंत, फरशीवरचा प्रत्येक ओरखडा, बाथरूमचे कोपरे, खिडकीच्या जाळ्या, ओरखड्याशेजारी टेप धरून फोटो काढा आणि त्याच दिवशी मॅनेजमेंट कंपनीला मेल करून ठेवा. हा अर्धा तास घर सोडताना लाखभर येन वाचवू शकतो.

फोडणीच्या वासावरून, कुकरच्या शिट्टीवरून तक्रार येते का?

येते. पण बऱ्याचदा ती वासापेक्षा वेळेवरून येते, रात्री साडेदहाला मिरच्यांचा ठसका खालच्या घरात गेला तर आपल्याकडेही कोणी बोललंच असतं. एक्झॉस्ट आधी चालू करून मग तेल तापवा, जाळीला फिल्टर पेपर लावा आणि महिन्याला बदला. बाल्कनीत तळण नको, ती खरं तर सगळ्यांची सामाईक जागा आहे, आग लागली तर शेजारच्या बाल्कनीतली पातळ पार्टिशन फोडून पळायचं असतं म्हणून तिथे पोती आणि खोकी रचू नका.

शिट्टीपेक्षा पावलांचा आवाज जास्त त्रास देतो. लहान मूल असेल तर हॉलमध्ये जाड फोम मॅट टाका, शक्यतो तळमजल्यावरचं किंवा काँक्रीटच्या इमारतीतलं घर बघा (वर पुराचं लिहिलंय तेही लक्षात ठेवून), आणि राहायला गेल्यावर वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरी छोटासा खाऊ घेऊन जाऊन "घरात लहान मूल आहे, आवाज झाला तर सांगा" एवढं बोलून या. एकदा चेहरा ओळखीचा झाला की शेजारी थेट मॅनेजमेंटला फोन न करता आधी आपल्याशी बोलतात, हे मी अनेक घरांत बघितलंय.

आई-बाबा तीन महिने राहायला येणार आहेत, मालकाला सांगायचं का?

हो, सांगा. करारात राहणाऱ्यांची संख्या लिहिलेली असते. पाहुणे म्हणून दोन-चार दिवस कोणी आलं तर काही नाही, पण ९० दिवसांच्या व्हिसावर दोन माणसं कायम दिसायला लागली की शेजाऱ्यांकडून फोन जातो. मॅनेजमेंट कंपनीला आधी मेल करा, नावं, तारखा, नातं, आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. आई-बाबांना कचऱ्याचे वार कागदावर मराठीत लिहून फ्रीजला लावून द्या, ते दिवसभर घरी असतात, त्यांना बोलणी बसली तर त्यांना फार वाईट वाटतं. घराचा काही भाग किंवा एक खोली मित्राला भाड्याने देणं मात्र अजिबात नको, त्यावरून करार रद्द होऊ शकतो.

कचऱ्याचं एवढं काय असतं?

प्रत्येक वॉर्डाचं वेळापत्रक वेगळं, जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे-कागद, प्रत्येकाचा वार ठरलेला. त्या दिवशी सकाळी ८ च्या आत ठरलेल्या जागी, कावळ्यांसाठी जाळी असते तिच्या खाली नीट ठेवायचा. आदल्या रात्री ठेवायचा नाही. चुकीचा असेल तर पिशवीवर स्टिकर चिकटवून तिथेच सोडून जातात आणि ती पिशवी कोणाची हे सगळ्या बिल्डिंगला कळतं. गादी, खुर्ची असल्या मोठ्या वस्तूंसाठी आधी नंबर लावून दुकानातून स्टिकर विकत घ्यायचं. परदेशी भाडेकरूंबद्दल मालकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, तुम्ही नीट पाळलंत तर तुमच्यानंतर येणाऱ्या भारतीयालाही ते घर मिळतं.

घर बदललं की सरकारी काय करावं लागतं?

१४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसला जाऊन रेसिडेन्स कार्डवर नवीन पत्ता लिहून घ्यायचा, मायनंबर कार्डही (आपल्या आधारसारखं) सोबत न्या. दुसऱ्या वॉर्डातून आलात तर आधी तिथे निघाल्याची नोंद. हे हलक्यात घेऊ नका, ९० दिवस पत्ता कळवला नाही तर रेसिडेन्स स्टेटस रद्द होण्यापर्यंत जाऊ शकतं. पोस्टात पण फॉर्म भरा, जुन्या पत्त्यावरची पत्रं वर्षभर फुकट नवीन पत्त्यावर येतात.

दोन वर्षांनी भाडं वाढवायचं पत्र आलं, सही करावीच लागते का?

नाही. टोकियोत दोन वर्षांनी रिन्युअल फी म्हणजे कोशिनऱ्यो, साधारण एक महिन्याचं भाडं, ती करारात लिहिली असेल तर द्यावी लागते. पण भाडेवाढ ही वेगळी गोष्ट आहे. साध्या करारात तुम्ही सहमत नसाल तर "जुन्या भाड्यावर राहायला तयार आहे" असं लेखी कळवून जुनं भाडं वेळेवर भरत राहायचं, तेवढ्यावरून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. मालक घेतच नसेल तर होमुक्योकु या सरकारी ऑफिसात भाडं जमा करता येतं, त्याला क्योताकु म्हणतात. मात्र भाडं भरणं एक दिवसही थांबवू नका. आणि प्रकरण कोर्टात गेलं आणि वाढ योग्य ठरली तर फरक वर्षाला १० टक्के व्याजासकट द्यावा लागतो, त्यामुळे आजूबाजूची भाडी खरंच वाढली असतील तर मधला आकडा सुचवून बोलणी केलेली बरी. २० हजार मागितले आणि ५ हजारांवर मिटलं असंही होतं.

घर सोडताना डिपॉझिटमधून किती कापतात? भिंतीला देवघर लावलं होतं.

२०२० पासून लागू झालेल्या सुधारित सिव्हिल कोडमध्ये (नागरी कायद्यात) स्पष्ट आहे, नेहमीच्या वापराने आणि वयाने झालेली झीज भाडेकरूने भरायची नाही. घरबांधणी बघणाऱ्या मंत्रालयाच्या गाइडलाइनप्रमाणे फर्निचरमुळे पडलेले खड्डे, फ्रीजमागे भिंतीवर आलेला काळपटपणा, उन्हाने उडालेला रंग, कॅलेंडरसाठी टोचलेल्या पिनांची भोकं, हे सगळं मालकाकडे. खिळे आणि स्क्रूची मोठी भोकं ज्यासाठी आतला बोर्ड बदलावा लागतो, सिगारेटचा पिवळेपणा, साफ न केल्यामुळे साठलेला तेलाचा थर, पाणी न पुसल्यामुळे पसरलेली बुरशी, हे आपल्याकडे. म्हणून देवघर भिंतीत ठोकू नका, छोट्या कपाटावर मांडा, उदबत्ती आणि निरांजन भिंतीपासून लांब आणि खिडकी उघडून.

वॉलपेपरचं गणित सगळ्यांनी पाठ करावं असं आहे. त्याचं आयुष्य ६ वर्षं धरतात आणि त्यानंतर किंमत १ येन. तुम्ही तीन वर्षं राहिलात, राहायला आलात तेव्हा वॉलपेपर नवा होता आणि तुमच्या चुकीने खराब झाला, तरी अर्ध्याच किमतीची जबाबदारी येते, तीही तेवढ्याच भागाची. पूर्ण खोलीचं बिल आलं तर "गाइडलाइनप्रमाणे वर्षांचा हिशोब करून परत पाठवा" एवढं एक वाक्य मेलमध्ये लिहा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला दीड लाख येनचं बिल आलं होतं, राहायला आल्या दिवशीचे फोटो आणि हे वाक्य पाठवल्यावर ते ४० हजारांच्या आत आलं.

सोडायची नोटीस साधारण एक महिना आधी, काही करारांत दोन महिने असते, यूआरला १४ दिवस पुरतात. शेवटच्या दिवशी तपासणीला येतात तेव्हा समोर ठेवलेल्या टॅबवर लगेच सही करू नका, "घरी वाचून कळवतो" म्हणा. गडबडीत भारतात परत जाणार असाल तर डिपॉझिट यायला महिना-दीड महिना लागतो, तोपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका.

भांडणच झालं तर कोणाकडे जायचं?

डिपॉझिट, जास्तीचं बिल, करारातली अट यासाठी १८८ डायल करा, ही ग्राहक तक्रारीची हेल्पलाइन आहे, तुमच्या भागातल्या सेंटरला जोडून देतात आणि ते कंपनीला फोनही करतात. जपानी येत नसेल तर वॉर्ड ऑफिसच्या परदेशी नागरिकांच्या काउंटरवर दुभाषा मिळतो का विचारा. वकिलाचा सल्ला हवा असेल तर होतेरासु या सरकारी संस्थेत बऱ्याच भाषांत माहिती मिळते. टोकियोत योत्सुयाला परदेशी रहिवाशांसाठी फ्रेस्क नावाचं सेंटर २०२० पासून आहे, तिथे व्हिसा आणि कायदा दोन्हीचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. जाताना करार, एस्टिमेट, सगळे मेल आणि पहिल्या दिवशीचे फोटो प्रिंट काढून न्या, तारखेप्रमाणे लावून.